घोड नदीत होडी घालण्याआधी

शिरूर किंवा दौंड तालुक्यात नदीकाठी परका माणूस बांबूने पाण्याची खोली बघताना दिसला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘वाळूचं काय हाय का, पाव्हणं?’ विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. भीमा आणि घोड या दोन्ही नद्यांवर कित्येक वर्षं बोट म्हणजे वाळू उपसणारी यांत्रिक बोट. महसूल खातं आणि पोलीस छापा घालतात, फायबरच्या आणि सेक्शनच्या बोटी पकडतात आणि जागच्या जागी जिलेटिन लावून उडवून देतात. स्थानिक वर्तमानपत्रांना ही बातमी नवी नाही. अशा नदीत कुणी हौसेने वल्हं मारायला येतंय, हे काठावरच्या माणसाला पटायला वेळ लागतो. म्हणून पाण्याची पाहणी करायला गेलेल्या आमचा निम्म्याहून जास्त वेळ काठावर, चहाच्या टपरीवर आणि पारावर गेला. तो वाया गेला असं मात्र मला वाटत नाही.

बेत साधा होता. पहाटे पुण्याहून निघून दुपारी जेवायला घरी येता येईल आणि फुगवायच्या कयाकमधून जाता येईल, असा नदीचा एखादा तुकडा पूर्वेकडे शोधायचा. पश्चिमेकडे जायला सगळेच जातात. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं, कारण मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून खाली उतरतं आणि केंद्र चाललं की नदी वाहते. तिथे पाण्याची वेळ धंद्याला ठाऊक असते. पूर्वेकडच्या नद्याही धरणांच्याच हुकमतीत आहेत, पण इथलं पाणी उसासाठी, कांद्यासाठी आणि पिण्यासाठी सुटतं. ते कधी सुटणार हे कालवा समितीच्या बैठकीत ठरतं आणि आपल्याला गावात गेल्यावर कळतं.

घोड नदी आंबेगाव तालुक्यात आहुप्याच्या अंगाला उगम पावते. डिंभ्याला तिच्यावर हुतात्मा बाबू गेनू सागर आहे. शिरूरजवळ तिला कुकडी मिळते. शिरूर शहराला जुनी माणसं आजही ‘घोडनदी’ म्हणतात. इंग्रजांच्या काळात तिथे लष्करी छावणी होती आणि कोरेगावला लढलेली पलटण १८१७च्या ३१ डिसेंबरच्या रात्री इथूनच निघाली होती. शिरूरच्या खाली चिंचणीला १९६०च्या दशकात बांधलेलं घोड धरण आहे. तिथून नदी शिरूर आणि श्रीगोंदा तालुक्यांच्या मधून, म्हणजे पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांची हद्द आखत, भीमेला जाऊन मिळते. आम्ही हेरला तो हा शेवटचा तुकडा: चिंचणीच्या भिंतीच्या खालचा.

त्याआधी दोन जागा खोडल्या. पहिली निघोज. कुकडीच्या पात्रातले तिथले रांजणखळगे सगळ्यांना माहीत आहेत. एक काठ पारनेर तालुक्यातल्या निघोजचा, दुसरा शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीचा. पाण्यासोबत गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी हजारो वर्षांत काळा बेसाल्ट कोरून हे खोल रांजण केले आहेत. बघायला ते अप्रतिम आहेत, पण नदी तिथे एका अरुंद घळीतून जाते, बाजू उभ्या आणि गुळगुळीत आहेत, आणि आत पडलेल्या माणसाला हात टेकायला जागा नाही. तिथे पाण्याजवळसुद्धा सांभाळून जावं. होडीचा विचार करूच नये.

दुसरी जागा भीमा, आणि ती सोडताना जास्त वाईट वाटलं. पात्र रुंद, पाणी बारमाही, दोन्ही काठांवर रस्ते. पण रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुणे-पिंपरी चिंचवडने नदीत सोडलेलं सगळं घेऊन येते. हिवाळ्यात त्या पट्ट्यात जलपर्णी इतकी दाट होते की पाणी कुठलं आणि शेत कुठलं हे दुरून कळत नाही. बंधाऱ्याखाली पांढरा फेस येतो. जलपर्णीतून वल्हं चालत नाही. मुळांच्या जाळ्यात ते अडकतं, आणि माणूस उलटला तर त्याचे पायही तसेच अडकतात. काठावरच्या एका मावशींनी सांगितलं, ‘आमी आता ह्या पाण्यात धुणं बी न्हाई धूत, हात खाजत्यात.’ त्यानंतर पाण्याच्या तपासणीचा अहवाल शोधायची गरज उरली नाही. ज्या पाण्यात तोंड बुडेल अशी शक्यता आहे, तिथे नाकाला जे कळतं ते मानावं.

घोडेचं पाणी त्या मानाने निवळ आहे. वरच्या बाजूला रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे ते पिण्याजोगं आहे असं मी म्हणणार नाही; पण जलपर्णी कमी आहे आणि वासही नाही.

शिक्रापूरहून न्हावरा, इनामगाव, काष्टी, श्रीगोंदा असा राष्ट्रीय महामार्ग ५४८ डी जातो आणि इनामगाव सोडल्यावर घोड ओलांडतो. या अख्ख्या तुकड्यात पाण्याशी पोचण्याची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे या पुलाचा परिसर. धरणाच्या पायथ्याशी होडी घालू नये. तिथे जायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, आणि मुळात दरवाजा कधी उघडेल हे ठाऊक नसताना भिंतीखाली बसणं हा शहाणपणा नाही. काठाने मळ्यांमधून जाणारे कच्चे रस्ते बरेच आहेत, पण त्यातले बहुतेक कुणाच्या तरी बांधावरून जातात आणि मोटारीच्या खोलीपाशी संपतात.

या मोटारींचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. दोन्ही काठांवर ठरावीक अंतराने पाण्यात पाइप उतरलेले आहेत, त्यांच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह, वर विजेची मोटार, आणि तिथून खांबापर्यंत लोंबणारी केबल. काही केबली पाण्यावरून, काही चक्क पाण्यातून गेलेल्या दिसतात. जुन्या केबलचं वेष्टन कुठे सोललंय हे होडीतून दिसत नाही. काठापासून तीन-चार होड्यांचं अंतर ठेवावं, आणि ओलं वल्हं कुठल्याही तारेला टेकवू नये. शिवाय या भागात तांब्यासाठी केबल चोरणाऱ्या टोळ्यांनी शेतकऱ्यांना बेजार केलं आहे. त्यामुळे पहाटे पाठीवर मोठी पिशवी घेऊन मोटारीपाशी उभा असलेला परका माणूस त्यांना काय वाटेल, हे सांगायला नको. उतरण्याच्या जागी ज्याचा मळा असेल त्याला आदल्या दिवशी भेटून घ्यावं. आम्हाला भेटलेल्या एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, फुगवलेल्या कयाकवर बोटाने टिचकी मारून बघितली आणि विचारलं, ‘ह्याचं प्वॉट बाभळीच्या काट्यानं फुटलं तर?’ प्रश्न अगदी बरोबर होता. काठभर वेडी बाभूळ माजलेली आहे आणि पुरात मोडून आलेल्या तिच्या फांद्या पाण्याखाली पडून असतात. आम्ही दुरुस्तीचं सामान बरोबर ठेवलं होतं, पण यापुढे कडक बुडाची कयाकच नेणार.

पात्र कसं आहे? दख्खनच्या इतर नद्यांसारखंच: तळाला काळ्या पाषाणाचा थर, त्यावर वाळू-गोटा, आणि दोन्ही बाजूंना जुन्या गाळाच्या उभ्या दरडी. दरडीच्या वर ऊस. दरडीवरून खाली उतरायला गुराढोरांनी पाडलेल्या वाटा आहेत आणि होडी उतरवायलाही त्याच सोयीच्या. पाण्याची खोली मात्र बेभरवशाची आहे. बांबू टेकवत गेलं तर गुडघाभर पाणी लागतं, आणि दोन पावलांवर बांबूला तळ लागत नाही. हे नैसर्गिक डोह नाहीत. वाळू काढून झालेले खड्डे आहेत. नदीत पोहायला गेलेली गावातलीच पोरं अशा खड्ड्यांत बुडतात. म्हणून इथे उथळ पाणी बघून होडीतून उडी मारायची नाही, आणि ‘कमरेएवढंच तर आहे’ म्हणून लाइफ जॅकेट काढायचं नाही.

पात्रातला मोठा अडथळा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, त्यांच्यामधल्या खोबणीत उभे लोखंडी ढापे. पावसाळा सरला की साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून ढापे बसवतात आणि पाणी अडतं. पुढच्या पावसाआधी ते काढतात. (ढापेही चोरीला जातात. इथे लोखंड, तांबं आणि वाळू यांना एकसारखेच पाय फुटतात.) होडीवाल्याच्या दृष्टीने या बंधाऱ्याचे तीन अवतार आहेत. ढापे बसलेले आणि पाणी खालीच: मागे लांबच लांब संथ जलाशय, वल्हवायला उत्तम; भिंतीपाशी काठाला लागायचं, होडी उचलायची, पलीकडे उतरवायची. ढापे बसलेले आणि वरून पाणी सांडतंय: ही सगळ्यात फसवी अवस्था. वरून बघितलं तर जेमतेम हातभर पाणी गुळगुळीत घसरत असतं, पण पायथ्याशी ते उलटं फिरून पुन्हा भिंतीकडे येतं. त्या फेऱ्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही, माणूसही नाही, आणि लाइफ जॅकेट असूनही नाही. जगभर लहान बंधाऱ्यांवर वल्हवणारे मरतात ते बहुतेक याच कारणाने. तिसरी अवस्था, ढापे काढलेले आणि पावसाळी पाणी खांबांमधून जोरात जातंय: त्या फटींमध्ये बाभळी आणि उसाची पाचटं अडकलेली असतात, पाणी पार होतं, होडी आणि माणूस जाळीत अडकावा तसा अडकतो. पावसाळ्यात हा तुकडा विचारातच घेऊ नये, याचं हे मुख्य कारण.

राहिला प्रश्न पाणी आहे की नाही हे घरबसल्या कळायचं कसं. याचं उत्तर वर्तमानपत्रात मिळतं, हे आम्हाला दौंडला उमगलं. पावसाळ्यात रोज ‘दौंड येथून उजनीत येणारा विसर्ग’ असा आकडा क्युसेकमध्ये छापून येतो. सोलापूरकर तो पंचांगासारखा वाचतात, कारण त्यांचं वर्षभराचं पाणी त्यावर ठरतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी पाणी होतं. मोठ्या पुरात दौंडचा आकडा लाखाच्या पुढे जातो. पण आपल्याला तो जसाच्या तसा उपयोगाचा नाही. दौंडला मोजलं जातं ते भीमा, मुळा-मुठा आणि घोड या सगळ्यांचं एकत्र पाणी. खडकवासल्यातून पाणी सोडलं तर दौंडचा आकडा फुगतो, तेव्हा घोड कोरडी खडखडीत असू शकते. घोडेसाठी चिंचणीच्या धरणातून नदीत किती सोडलंय तेवढंच बघायचं. कालव्यात सोडलेलं वेगळं. ‘आवर्तन सुटलं’ असं गावात म्हणतात ते बहुधा कालव्याचं असतं, आणि नदीवरचे बंधारे भरून देण्यासाठी सोडलेलं पाणी त्याहून निराळं. चौकशी करताना ‘नदीला पाणी सोडलंय का?’ असंच विचारावं.

एकंदरीत हंगाम दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा. बंधारे भरलेले, वरून सांडणं थांबलेलं, ऊन सोसवणारं. फाल्गुनापासून उपसा वाढतो, डबकी उरतात, आणि चैत्रात पात्रातून ट्रॅक्टर फिरतात.

इनामगावला नुसतं होडी उतरवून पुढे जाऊ नये. नदीच्या उजव्या काठावरच्या टेकाडांमध्ये डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत इथे शेतकरी राहत होते. त्यांनी पुराचं पाणी वळवायला पाट खणला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता. आजच्या ढाप्यांच्या बंधाऱ्यापर्यंत येणारी गोष्ट तिथे सुरू होते. एका घराच्या अंगणात मातीचा चार पायांचा रांजण सापडला आणि त्यात बसलेल्या स्थितीत पुरलेला प्रौढ पुरुष. गावचा प्रमुख असावा असा अभ्यासकांचा कयास. त्याच्यासोबत ठेवलेल्या भांड्यांपैकी एका रंगवलेल्या मडक्यावर होडी काढलेली आहे, लांब वल्ह्यांची. मेलेल्या माणसाला पैलतीरी जायला होडी लागते अशी त्यांची समजूत होती की हा माणूस खरोखर नदीत होडी चालवत होता, हे मडकं सांगत नाही. पण काठावर उभं राहून तुमची रंगीत कयाक बघत ‘ह्या नदीत कुणी होडी घालतं का?’ असं कुणी म्हणालं, तर तीन हजार वर्षांपूर्वीचा हा दाखला हाताशी असू द्यावा. मी तो एका सरपंचांना दिला. ते म्हणाले, ‘तवा पाणी आसंल.’ त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. इसवीसनपूर्व १०००च्या सुमाराला हवा कोरडी होत गेली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि अखेर ही वस्ती उठली, असं ढवळीकरांनी मांडलं आहे.

परवानगीचं बोलायचं तर नदी हद्दीवरची आहे हे लक्षात ठेवावं. एका काठाला पुणे जिल्हा, समोरच्या काठाला अहिल्यानगर. वाळूच्या बोटी छाप्याच्या वेळी याच सोयीचा फायदा घेऊन पलीकडे पळतात, आणि म्हणून दोन्हीकडचे पोलीस सावध असतात. कोणी, कधी, कुठून कुठे, होड्या किती, इंजिन नाही, असं साध्या कागदावर लिहून दोन्ही काठांच्या पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्यांना आधी द्यावं. कायद्याने लागो न लागो, पाण्यात असताना काठावरून कुणी शिट्टी मारली तर या कागदाची छायाप्रत कामाला येते. आणि उसातून जाणाऱ्या वाटेने अंधारात चालू नये. शिरूर तालुक्यात बिबट्याचा उपद्रव गंभीर आहे. गावातली माणसंही संध्याकाळनंतर हातात काठी, बॅटरी आणि मोठा आवाज घेऊनच निघतात.

आता पल्ल्याचं. इनामगावच्या पुलापासून वर, बंधाऱ्याने अडलेल्या पाण्यात जाऊन परत पुलाशी यायचं, हा सगळ्यात सोपा आणि मला पटलेला मार्ग. पाण्याला ओढ नसल्याने उलट जाता येतं, एकच गाडी पुरते, आणि चित्रबलाक, शेकाटे, हळदीकुंकू बदकं यांच्या जवळून जाता येतं. पुलाखालून संगमाकडे जायचं तर दुसरी गाडी लागते. मांडवगण फराटा, तांदळी ही गावं भीमा आणि घोड यांच्या बेचक्यात आहेत. त्या अंगाने संगमाच्या अलीकडेच बाहेर यावं. संगमाच्या पुढे भीमेचं पाणी लागतं, रंग बदलतो, आणि वर सांगितलेला वास येतो. तिथून दौंडच्या पुलांपर्यंत जाता येईल, पण त्यात मजा काय हे मला कुणी सांगितलं नाही.

दौंडच्या खाली मात्र वेगळंच प्रकरण सुरू होतं. उजनी भरली की तिचा फुगवटा दौंडच्या दिशेने वर येत जातो, आणि नदीचा तलाव होतो. हा पट्टा होडीला नवा नाही. सिद्धटेकच्या गणपतीला जाणारे भाविक पूल होण्याआधी दौंडहून शिरापूरला येत आणि होडीने भीमा ओलांडत. थोडं अलीकडे श्रीगोंद्याच्या काठाला पेडगावचा बहादूरगड आहे, ज्याच्या तटाला भीमेचं पाणी लागतं. इथे धोका ओढीचा नसून वाऱ्याचा. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती होडी रोजच्या वाटेवरची होती. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर या उघड्या पाण्यावर कयाक घेऊन कुणी जाऊ नये. हिवाळ्यातही काठ धरून जावं आणि अकराच्या आत बाहेर यावं. ज्यांना रोहित पक्षीच बघायचे आहेत, त्यांनी सरळ भिगवणजवळच्या कुंभारगावला किंवा डिकसळला जाऊन तिथल्या मच्छीमाराच्या होडीत बसावं. गाळ कुठे आहे, जाळी कुठे लावली आहेत, पक्षी कुठल्या अंतरावर उडतात, हे त्याला ठाऊक असतं आणि चार पैसेही त्याच्याच घरात जातात.